वेच्यांचे संग्रह आणि काव्यरसिक

काव्याची आवड पुष्कळांस असते. पण नवी कविता शोधावी कोठें, हें सर्वांसच उमगतें असें नाहीं. प्रत्येक कवीचें समग्र काव्य वाचूं म्हटल्यास आयुष्य अपुरें पडेल. ही अडचण वेच्यांच्या संग्रहानें कशी दूर होते, हें एका जुन्या संस्कृत ग्रंथावरून पाहण्यासारखें आहे.

इ. स. ११०० च्या सुमारास वंगदेशांतील जगद्दल विहारांत विद्याकर नांवाच्या बौद्ध पंडितानें 'सुभाषितरत्नकोश' सिद्ध केला. त्यांत सुमारें १,७०० श्लोक असून ते ५० 'व्रज्यां'मध्यें, म्हणजे प्रकरणांमध्यें, विभागलेले आहेत. आरंभीं बुद्धस्तुति आहे; पण लागलीच शिव-विष्णूंसहि स्थान आहे. पुढें सहा ऋतु, प्रेम, विरह, वार्धक्य, दारिद्र्य, फार काय, स्मशानहि! निवडणाराची दृष्टि पंथाच्या कुंपणांत अडकली नाहीं, हें या ग्रंथाचें पहिलें वैभव होय.

दुसरें वैभव त्याहून मोठें. कालिदास-भवभूतींच्या शेजारीं येथें योगेश्वर भेटतो. खेडीं, शेतें आणि पावसाळा यांचीं चित्रें काढणाऱ्या या कवीचा स्वतंत्र ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. त्याचे श्लोक अशा संग्रहांनींच जपले. जगद्दल विहार लयास गेला, परंतु संग्रहाची प्रत तिबेटांतील मठांत सुरक्षित राहिली. राहुल सांकृत्यायन यांनीं तिचीं छायाचित्रें आणलीं; आणि गोमंतकांत जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी व वा. वि. गोखले यांनीं संपादिलेली आवृत्ति १९५७ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें प्रसिद्ध केली.

असा ग्रंथ सलग वाचून संपवूं नये. पावसाळ्यांत वर्षाऋतूचें प्रकरण उघडावें, चार-पांच श्लोक सावकाश वाचावे. एखादा मनांत घर करून राहिला आणि त्यास कवीचें नांव जोडलेलें असलें, कीं तें टिपावें व सूचीवरून त्याचे इतर श्लोक हुडकावे. अनोळखी नांव अशा रीतीनें परिचयाचें होतें.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मुक्तक स्वयंपूर्ण असतें, आख्यानाचा वेचा तसा नसतो. परशुरामपंत गोडबोले यांच्या १८५४ सालच्या 'नवनीता'नें मुक्तेश्वर, वामन, मोरोपंत मराठी घरांत पोंचविले. पण वेच्यावरच थांबणारास कथेचा ओघ कळत नाहीं. शिवाय, निवडणारानें गाळलेलें वाचकाच्या दृष्टीआड राहतें. म्हणून दोन भिन्न संग्रह ताडून पाहावे, आणि आवडलेल्या वेच्यावरून मूळ ग्रंथाकडे वळावें. लोणी गोड लागलें, तर दुभत्याची चौकशी करणें हें रसिकाचें कामच आहे.