रोजनिशी कोणासाठी?

दसरा-दिवाळीचे सण सरले, की बीड जिल्ह्यातील अनेक गावे व तांडे ओस पडू लागतात. घरातील कर्ती माणसे कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. शाळा बुडू नये म्हणून काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात, तर काही गावातील हंगामी वसतिगृहात. पुढे कित्येक महिने आईवडिलांची भेट होत नाही. मग मनात दाटलेले कोणाला सांगावे?

अशी एक मुलगी आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. रात्री सर्वजण निजले, की ती आपली वही उघडते. दिवसभरात जे घडले, जे मनाला लागले, ते ती लिहून ठेवते. अशा वहीला रोजनिशी किंवा दैनंदिनी म्हणतात. एके रात्री तिने लिहिले, ‘आज आईचा फोन आला. मुकादमाकडून घेतलेली उचल या हंगामातही फिटेल असे दिसत नाही. बोलता बोलता आई रडू लागली.’

दुसऱ्या दिवशी ती वही उघडी राहिली. मैत्रिणीने ते पान वाचले. तिला ते फार आवडले. तिने मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले आणि एकीला पाठविले. त्या एकीने ते आणखी चौघींना पाठविले. सायंकाळी वर्गातील एका मुलाने विचारले, “काय ग, तुझ्या वडिलांची उचल फिटली का?” त्या दिवसापासून त्या मुलीने वही हाती धरली नाही.

मैत्रिणीच्या मनात वाईट काही नव्हते. मग चुकले कोठे?

आपल्या भाषेत ‘गोष्ट षट्कर्णी होणे’ असा एक वाक्प्रचार आहे. षट् म्हणजे सहा आणि कर्ण म्हणजे कान. दोघांत बोललेली गोष्ट चार कानांत राहते. तिसऱ्याने ती ऐकली, की ती सहा कानी होते. मग ती कोठवर जाईल याचा नेम राहत नाही. रोजनिशीतील गोष्ट तर दोनच कानांची असते. लिहिणारा तोच आणि ऐकणाराही तोच.

सर्वच लेखन असे नसते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दासोपंत नावाचे संतकवी होऊन गेले. त्यांचा काळ इ. स. १५५१ ते १६१५. त्यांनी एका लांबलचक पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या वस्त्रावर, ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानाचा विषय अक्षरांनी व आकृत्यांनी मांडला. ही पासोडी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद आहे. ती उलगडली, की पाहणाऱ्यांचा मेळा तिच्याभोवती सहज उभा राहू शकतो. जे चौघांनी पाहावे असे वाटते, ते असे मांडावे लागते. रोजनिशी मात्र उशाखाली ठेवण्याची वस्तू आहे. पासोडी आणि रोजनिशी यांत थोर कोणती, हा प्रश्नच नव्हे. दोहोंचे वाचक निरनिराळे आहेत, एवढेच.

कधी कधी एकाच लेखनाचा वाचक बदलतो. ॲन फ्रँक या ज्यू मुलीला १२ जून १९४२ रोजी, तिच्या तेराव्या वाढदिवशी, एक वही मिळाली. ती तेव्हा हॉलंड देशातील ॲमस्टरडॅम शहरात राहत होती. त्या देशावर नाझी जर्मनीचा ताबा होता आणि ज्यू लोकांचा छळ चालला होता. पुढच्याच महिन्यात तिचे कुटुंब एका इमारतीच्या मागील भागात लपून राहिले. तेथे दोन वर्षांहून अधिक काळ ती लिहीत होती. वहीलाच ‘किटी’ नावाची मैत्रीण मानून ती मन मोकळे करी.

मार्च १९४४ मध्ये तिने रेडिओवर एक आवाहन ऐकले. युद्धकाळातील रोजनिशा व पत्रे लोकांनी जपून ठेवावीत, असे हॉलंडचे एक मंत्री सांगत होते. आपलेही लेखन कधी तरी छापावे, असे तिला वाटू लागले. तेव्हा तिने काय केले? ती सर्व मजकूर पुन्हा लिहू लागली. काही भाग तिने गाळला आणि सोबतच्या माणसांसाठी वेगळी नावे योजिली. जे किटीला सांगितले, ते सर्व जगाला सांगायचे नव्हते.

४ ऑगस्ट १९४४ रोजी त्या सर्वांना पकडून नेण्यात आले. त्यांना साहाय्य करणाऱ्या मीप गीस या बाईंनी ते कागद उचलून मेजाच्या खणात ठेवले. ॲन परत येईल तेव्हा तिचे तिला द्यावेत, म्हणून त्यांनी ते वाचलेसुद्धा नाहीत. १९४५ मध्ये छावणीत ॲनचा अंत झाल्याचे कळल्यावर त्यांनी ते तिच्या वडिलांच्या हाती दिले. १९४७ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले. ॲनचे लेखन जगाला मिळाले, त्यात न वाचता जपणाऱ्या या बाईंचाही वाटा आहे.

आज पुष्कळजण वहीऐवजी मोबाइलवर लिहितात. वहीचे पान एकाच ठिकाणी असते. मोबाइलवरून धाडलेल्या मजकुराची मात्र प्रत्येक हाती नवी प्रत तयार होते. आपल्याजवळची प्रत पुसली, तरी इतरांजवळची पुसली जाईलच असे नाही. म्हणून धाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि स्वतःला विचारावे, ‘हे मी कोणासाठी लिहिले?’

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या रोजनिशीत आपण एकटेच नसतो. त्या मुलीच्या पानात आईचे अश्रू होते, वडिलांचे कर्ज होते. उद्या तिने स्वतःच ते पान सर्वांपुढे ठेवायचे म्हटले, तरी त्यांना विचारणे योग्य ठरेल.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. खासगीपणा म्हणजे दुःख गिळून बसणे मात्र नव्हे. कोणी त्रास देत असेल, भीती वाटत असेल, तर ते आईवडिलांना, शिक्षकांना किंवा विश्वासाच्या मोठ्या माणसाला अवश्य सांगावे. कोणाला सांगायचे, हे ठरविणे आपल्या हाती असावे, एवढाच त्याचा अर्थ.

त्या मैत्रिणीला आपली चूक उमगली, तर ती काय करील? पाठविलेले पान तिला परत आणता येणार नाही. पण ती क्षमा मागू शकेल, ज्यांना ते पाठविले त्यांना ते पुसून टाकण्याची विनंती करू शकेल. आणि पुन्हा कधी ती वही उघडी दिसली, तर न वाचता मिटून मैत्रिणीच्या उशाखाली ठेवील. मग कदाचित एखाद्या रात्री ती मुलगी पुन्हा लिहू लागेल.