ड्रायरच्या झाकणाविषयी

कलाशाखेच्या वार्षिकांकात धुलाईयंत्राच्या झाकणावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. हा प्रांत विज्ञानवाल्यांचा, हे मान्य. परंतु श्रावणात ओले कपडे फक्त विज्ञानवाल्यांच्याच घरी असतात असे नाही. आणि ड्रायर बंद पडला म्हणजे मिस्त्री येऊन जे सांगेल त्याला मान डोलावणारा माणूस बहुधा यंत्रातले ओ की ठो न कळणाराच असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. पाश्चात्त्य देशांत ड्रायर म्हणजे गरम हवेने कपडे पुरते वाळवून देणारे स्वतंत्र यंत्र. १९३८ साली अमेरिकेतील विसकॉन्सिन राज्यातल्या हॅमिल्टन कंपनीने ते बाजारात आणले. त्याच्या दाराला काचेची खिडकी ठेवावी, म्हणजे आत उलथेपालथे होणारे कपडे गिऱ्हाइकाला दिसतील, ही सूचना ब्रुक्स स्टीव्हन्स या रचनाकाराची. (जाहिरातीचे शास्त्र दारातूनही आत शिरते ते असे.) त्या यंत्राचा पिंपासारखा पिंजरा संथपणे, मिनिटाला पन्नासएक फेऱ्यांनी फिरतो. आपल्याकडे मात्र घरोघरी ज्याला ड्रायर म्हणतात तो सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा दुसरा, लहान कप्पा होय. त्यात गरम हवा वगैरे काही नसते. भोकाभोकांची एक टोपली गरगर फिरते आणि कपड्यांतले पाणी बाहेर फेकले जाते. कपडे वाळत नाहीत, फक्त घट्ट पिळून निघतात. पुढे दोरी आहेच.

या टोपलीचा वेग मात्र संथ नाही. ती मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे घेते. टोपलीचा व्यास २४ सेंटीमीटर धरला, तर तिचा काठ सेकंदाला सुमारे १६ मीटर, म्हणजे ताशी साठएक किलोमीटर वेगाने धावत असतो. मोकळ्या रस्त्यावरच्या एस.टी.चा हा वेग, आणि तो घागरीएवढ्या जागेत कोंडलेला! काठाजवळच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या दोनशेपटींहून अधिक जोर पडतो. म्हणून तर पाणी निघते. अशा टोपलीत हात गेला तर काय होते हे सांगायला नको. ओली साडी, ओढणी किंवा टॉवेल हाताभोवती क्षणात वळसे घेतो, आणि हात सोडवून घ्यायला वेळ मिळत नाही. या वेगाच्या आणि आपल्या हाताच्या मध्ये उभे असते ते प्लॅस्टिकचे एक झाकण.

झाकणाचे काम केवळ झाकण्याचे नाही. बिजागरीकडच्या टोकाला त्याला एक छोटासा उंचवटा असतो. झाकण बंद केले की तो आतल्या तरफेला रेटतो आणि एका रेट्यात दोन कामे होतात. धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकून मोटरकडे जाणारा वीजमार्ग पुरा होतो. आणि एक तार ताणली जाऊन, मोटरच्या माथ्यावरच्या ड्रमला धरून बसलेला ब्रेक सुटतो. झाकण उचलले की पट्ट्या दूर होतात, तार सैल पडते आणि स्प्रिंगच्या जोराने ब्रेक पुन्हा ड्रमला कवटाळतो. सायकलशी ताडून पाहिले तर यातली खुबी ध्यानात येईल. सायकलचा ब्रेक तार ओढली की लागतो, त्यामुळे तार तुटली की ब्रेक गेला. ड्रायरचा ब्रेक तार ओढली की सुटतो. तार तुटली तर तो लागूनच बसतो. यंत्र बिघडले तरी ते थांबण्याच्या बाजूने बिघडावे, अशी ही योजना आहे. ज्याने ती प्रथम केली त्याच्या शहाणपणाला दाद द्यावीशी वाटते.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा. परदेशी गरम हवेच्या ड्रायरचे दार मध्येच उघडून पुन्हा लावले, तर सुरू करण्याचे बटण परत दाबल्याखेरीज तो फिरत नाही. आपल्या ड्रायरचा टायमर शिल्लक असेल, तर झाकण पडताच टोपली आपोआप सुटते.

आता बिघाडाकडे वळू. तक्रार एकच असते, 'ड्रायर फिरत नाही'. पण न फिरण्याचेही प्रकार आहेत, आणि ते कानाने ओळखता येतात.

टायमर फिरवला, झाकण लावले, आणि टिकटिक सोडून काहीच आवाज नाही. येथे बहुतेकांची पहिली फसगत होते. टिकटिक ऐकू येते म्हणजे वीज येत आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हा टायमर बहुधा चावीच्या घड्याळाच्या जातीचा असतो. प्लग काढून ठेवला तरी तो टिकटिकत राहील. वीज येते की नाही हे पाहायचे तर धुण्याची बाजू चालवून पाहावी. तिची मोटर वेगळी असते. ती चालत असेल तर प्लग आणि फ्यूज निर्दोष. मग झाकण बिजागरीच्या बाजूने हाताने किंचित दाबावे. दाबताच मोटर सुरू झाली तर चोर सापडला: बिजागरीची खुंटी मोडली आहे, झाकण वाकले आहे, किंवा त्याचा उंचवटा झिजून तरफेपर्यंत पोहोचत नाही. कधी एखाद्या कपड्याची कड झाकणाखाली अडकलेली असते, इतकेच!

दाबूनही काही होत नसेल तर प्लग काढून, मग बिजागरीमागच्या पट्टीचे स्क्रू सोडवून पट्ट्या पाहाव्यात. दर वेळी उडणाऱ्या ठिणगीने त्यांच्या टोकांवर काजळी धरते. दमट हवेत गंजही चढतो. बारीक पॉलिश पेपरने टोके घासावीत, वाकलेली पट्टी हलकेच सरळ करावी. मल्टिमीटर असेल तर झाकण बंद असताना वीजमार्ग जुळतो आणि उघडताच तुटतो, याची खात्री करावी. ही परीक्षा दोन्ही बाजूंनी घ्यायची असते. घाईत लोक पहिलीच बाजू पाहतात. स्विच ठीक असेल तर मात्र टायमर, मोटर आणि त्यांच्या तारा यांच्याकडे संशय वळवावा. अनेक मशीनांची खालची बाजू उघडीच असते आणि तारांचे आवरण उंदरांना फार प्रिय असते.

दुसरा प्रकार घूं आवाजाचा. मोटर कण्हते, टोपली हलत नाही. असे झाले की ताबडतोब बंद करावे, नाहीतर मोटर जळेल. प्लग काढून टोपलीच्या भोवतीच्या फटीत पायमोजा किंवा रुमाल गेला आहे का ते पाहावे. कपड्यांवर ठेवायची प्लॅस्टिकची चकती न ठेवण्याचा हा परिणाम. तसे नसेल तर ब्रेक सुटतो की नाही हे पाहायचे. पण झाकण लावून टोपलीला हात कसा लावणार? म्हणून प्लग काढलेलाच ठेवून मागचे कव्हर उघडावे, झाकण बंद ठेवावे आणि ब्रेकचा ड्रम हाताने फिरवावा. जड फिरला तर तार तुटली किंवा सैल झाली. सहज फिरला तर दोष कपॅसिटरचा किंवा मोटरचा. कपॅसिटरच्या टोकांना बोट लावू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. तो मिस्त्रीनेच बदलावा.

तिसऱ्या प्रकाराची तक्रार सहसा कोणी करत नाही, कारण ड्रायर फिरत असतो. झाकण उघडले तरी फिरत असतो. टोपली रिकामी ठेवून, हात दूर ठेवून झाकण उचलावे आणि ऐकावे. मोटरचा आवाज बंद झाला पण टोपली रेंगाळत राहिली, तर ब्रेकचे अस्तर झिजले आहे. अनेक माहितीपुस्तिकांत यासाठी १५ सेकंदांची मर्यादा दिलेली असते. तेवढ्यात टोपली थांबली नाही तर यंत्र वापरू नये. आणि मोटरच चालू राहिली, तर पट्ट्या चिकटल्या आहेत, किंवा कोणीतरी ड्रायर 'डायरेक्ट' केला आहे.

हा 'डायरेक्ट' शब्द वाचकांनी ऐकला असेल. स्विचच्या दोन तारा सोडवायच्या, एकमेकींना पिळायच्या, वर चिकटपट्टी गुंडाळायची. दहा मिनिटांचे काम. ड्रायर झकास फिरतो आणि मिस्त्रीला दुकानाची फेरी पडत नाही. त्याला सरसकट दोष देणे बरोबर नाही. जुन्या मॉडेलचा स्विच मिळत नाही, दुसऱ्या खेपेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. पण या व्यवहारात एक गोष्ट विसरली जाते. 'करून टाका डायरेक्ट' असे सांगतो तो घरातला कर्ता. रोज टोपलीत हात घालते ती आई, बहीण किंवा कामाला येणाऱ्या मावशी. त्यांना कोणी विचारलेले नसते, पुष्कळदा सांगितलेलेही नसते. बाहेरून काही दिसत नाही. मग ते मशीन जुन्या बाजारात विकले जाते आणि चार विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत येऊन पोहोचते. झाकण उघडले की टोपली थांबते, या सवयीच्या विश्वासावर नवा माणूस हात घालतो.

म्हणून मिस्त्री आला की त्याला आधीच सांगावे, स्विच बदला, डायरेक्ट नको. मशीनच्या मागच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक फोनवर कळवला तर तो योग्य भाग घेऊन येतो आणि खेप वाचते. काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी रिकाम्या टोपलीची परीक्षा त्याच्यासमोर करावी. स्विच मिळायला चार दिवस लागले तर धुण्याची बाजू खुशाल वापरावी. कपडे तेवढे हाताने पिळावेत. चादर असेल तर दोघांनी दोन टोके धरावीत.