धोडपच्या वाटेवरचा मॅक्बेथ

मालेगावहून नाशिकला निघालं, राहुडचा घाट ओलांडला आणि चांदवड मागे पडलं, की उजव्या हाताला सातमाळ्याची रांग सोबत चालू लागते. तिच्यातला एक डोंगर कुठूनही ओळखू येतो. माथ्यावर कातळाची उभी भिंत आणि त्या भिंतीत करवतीने कापून काढल्यासारखी खाच. हा धोडप. एसटीच्या खिडकीतून लहानपणापासून मी तो बघत आलो. पण मराठी रंगभूमीवरच्या एका थोर शोकांतिकेची सुरुवात त्याच्या पायथ्याशी झाली, हे मला उमगलं ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ वाचल्यानंतर, आणि तेव्हापासून त्या वळणावर मान आपोआप उजवीकडे वळते.

सत्तेच्या लोभाने माणूस कसा पोखरला जातो, हे सांगताना जगभर शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’चं नाव निघतं. राजाचा शूर सरदार, त्याला लागलेली राज्याची आस, पाठीशी उभी असलेली करारी बायको, घरी पाहुणा आलेल्या राजाचा झोपेत खून, आणि मग एक खून झाकायला दुसरा. १६०६च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकात शेक्सपिअरने इतिहास बराच वळवून घेतला. खरा डंकन राजा अंथरुणात मेला नाही, लढाईत पडला. खऱ्या मॅक्बेथने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं स्कॉटलंडवर राज्य केलं. नाटकासाठी तो घरातला खून रचावा लागला. आपल्याकडे मात्र काहीच रचावं लागलं नाही. राहत्या वाड्यात, सख्ख्या काकाच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी ते घडून गेलं होतं.

तो काका म्हणजे पेशव्यांच्या घरातला रघुनाथराव. तो मुळात भित्रा किंवा नादान माणूस नव्हता. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्या त्याच्याच मोहिमेत. मॅक्बेथही पहिल्या अंकात रणांगणावरचा वीर म्हणूनच आपल्यासमोर येतो. शोकांतिकेला असाच माणूस लागतो. मुळात मोठेपण असेल तरच पडझड काळजाला लागते. पानिपतानंतर थोरले भाऊ नानासाहेब पेशवे गेले आणि पेशवाईची वस्त्रं त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाला, माधवरावाला मिळाली, तेव्हापासून काकाच्या मनात सल होता. कधी उघड लढाई, कधी समेट, कधी राज्याची वाटणी मागणं, असं सात वर्षं चाललं. शेवटी १७६८मध्ये रघुनाथरावाने धोडपला फौज जमवली. गायकवाडांची कुमक आली, होळकरांचा दिवाण गंगाधर यशवंत त्याच्या बाजूला गेला. माधवराव स्वतः चालून आला आणि १० जूनला काकाचा पराभव झाला. काका तेहतीस वर्षांचा, पुतण्या तेवीस. पुतण्याने काकाला मारलं नाही. पुण्यात नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

इथे मी नेहमी थांबतो. धोडपवर माधवराव जिंकला, पण ज्याच्यापासून धोका होता त्यालाच त्याने आपल्या घरात आणून ठेवलं. दुसरं तो करणार तरी काय? रक्ताचं नातं होतं. मालेगावच्या कोर्टाच्या आवारात बांधावरून भांडणारे चुलते-पुतणे आजही दिसतात आणि संध्याकाळी एकाच ओसरीवर जेवायला बसतात. ‘भाऊबंदकी’ हा शब्द आपल्या भाषेत नुसत्या वैराला वापरत नाहीत. एका छपराखालच्या वैराचं ते नाव आहे, आणि खाडिलकरांनी नाटकाला तेच दिलं.

१८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला माधवराव क्षयाने गेला. त्याचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. काका अजून त्याच वाड्यात, पहाऱ्यात. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आला. कटाची कुणकुण कानावर आली होती. हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताचं सांगून तो वाड्यात आला, आणि बंदोबस्त होण्याआधीच पगार थकल्याच्या सबबीवर गारदी आत घुसले. सुमेरसिंग गारदी पुढे होता. पोर धावत काकाकडे गेलं आणि त्याच्या कमरेला मिठी मारली. तुळाजी पवाराने पाय धरून ओढलं. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही त्याच घावांनी गेला. शेक्सपिअरने मॅक्बेथने मारवलेल्या बँकोचं भूत मेजवानीत आणून बसवलं. पुण्याच्या लोकांनी ते काम स्वतःच केलं: ‘काका, मला वाचवा’ ही हाक शनिवारवाड्यात ऐकू येते, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

‘ध’चा ‘मा’ आपल्याला शाळेपासून पाठ असतो. गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि ते रघुनाथरावाच्या बायकोने, आनंदीबाईने केलं, ही कथा इतकी पक्की बसली की भाषेतला वाक्प्रचार होऊन गेली. तिचा हात त्या अक्षराला लागला होता, हे मात्र इतिहासकार ठामपणे सांगत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे. पुरुषाच्या लोभाचं ओझं बाईच्या माथी टाकायची ही जुनी सोय आहे. लेडी मॅक्बेथ झोपेत चालत हात धूत राहते, तिला निदान पश्चात्तापाचा एक प्रवेश तरी मिळाला. आपल्या आनंदीबाईला लोककथेत तोही नाही. नाशिकजवळचं आनंदवल्ली हे गाव तिच्या नावाने आहे, एवढीच तिची मवाळ आठवण.

शेक्सपिअर मराठीत आला तो फार आधी. ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांनी ‘मानाजीराव’ लिहिलं, ते ‘मॅक्बेथ’वरूनच. पेशवाईची शोकांतिकाही नवी नव्हती. विनायक जनार्दन कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१चं. पण ‘भाऊबंदकी’ १९०९ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं, तेव्हाचा काळ आठवायला हवा. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. खाडिलकर ‘केसरी’तले, टिळकांचे सहकारी. त्यांच्या ‘कीचकवधा’वर १९१०मध्ये सरकारने बंदी घातली. अशा दिवसांत रंगमंचावर एक न्यायाधीश भर दरबारात सत्ताधीशाला खुनी ठरवतो आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे, असं सांगतो. समोरच्या प्रेक्षकाला ते कसं भिडलं असेल!

इथेच खाडिलकर शेक्सपिअरपासून वेगळे होतात, आणि माझ्या मते पुढे जातात. मॅक्बेथला संपवायला मॅकडफची तलवार लागते. रघुनाथरावाच्या समोर उभा राहतो तो न्यायाधीश, माहुलीचा रामशास्त्री प्रभुणे. हातात शस्त्र नाही, मागे फौज नाही. निकाल देऊन तो पुणं सोडून जातो. इतिहासातही असंच घडलं. पुढे १९४४मध्ये प्रभातने ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला, तेव्हा गजानन जागीरदारांनी ती भूमिका घराघरांत पोचवली. जुलमी सत्ताधीशाला मारणं हा एक शेवट झाला. त्याला त्याच्याच दरबारात गुन्हेगार म्हणणं हा त्याहून कठीण शेवट आहे.

आणि ती वस्त्रं. खुनानंतर रघुनाथरावाने साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आणवली. शेक्सपिअरच्या नाटकातही राजेपण पुन्हा पुन्हा कपड्यांच्या रूपात येतं, मोठ्या माणसाचा अंगरखा बुटक्या चोराच्या अंगावर लोंबत राहतो, तसं. रघुनाथरावाला ती वस्त्रं फार दिवस पुरली नाहीत. त्याच्याविरुद्ध कारभारी, म्हणजे बारभाई, एक झाले, १८ एप्रिल १७७४ला पुरंदरवर नारायणरावाचा मुलगा जन्मला, आणि पेशवा म्हणवणारा काका सुरतेला इंग्रजांच्या दारात गेला. मार्च १७७५चा सुरतेचा तह हा त्या लोभाचा हिशेब. शेवट कोपरगावला, गोदावरीकाठी, डिसेंबर १७८३मध्ये झाला.

आपल्या जिल्ह्याचा या नाटकाशी आणखी एक धागा आहे. नाशिकचे वि. वा. शिरवाडकर यांनी ‘मॅक्बेथ’चंच रूपांतर ‘राजमुकुट’ या नावाने केलं, १९५४ साली ते रंगभूमीवर आलं. दुर्गा खोटे त्यात होत्या. ‘नटसम्राट’च्या आठवणीत ते झाकलं गेलं आहे. ‘भाऊबंदकी’ही आता क्वचितच होतं. दोन्ही नाटकं वाचनालयात मागून घ्या आणि एकापाठोपाठ वाचा, एवढंच सांगणं.

या भाऊबंदकीचं शेवटचं टोक मालेगावातच सापडतं. इथे मोसमच्या काठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला आपला भुईकोट आहे. आज तिथे शाळा भरते. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी त्याला वेढा घातला. आतली अरब शिबंदी महिनाभर झुंजली, इंग्रजांची दोनशेहून जास्त माणसं कामी आली किंवा जखमी झाली. तेव्हा पेशवा होता दुसरा बाजीराव, रघुनाथराव आणि आनंदीबाईचा मुलगा. ३ जून १८१८ला तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. त्या दिवशी मालेगावचा किल्ला अजून लढत होता.