परवान्याच्या खिडकीवरची देणगी

सोलापूरहून बीडकडे निघालेल्या माणसाला येरमाळा मागे पडला की तेरखेडा लागते. वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांसाठी साऱ्या मराठवाड्यात माहीत आहे. दिवाळी जवळ आली म्हणजे लांबलांबची गिऱ्हाइके इथे उतरतात. इथला कारखानदार असो की कामावर येणारी बाई असो, एक गोष्ट दोघांनाही पक्की ठाऊक असते. शोभेची दारू बनवायची तर आधी परवाना हवा. १८८४ सालचा स्फोटक पदार्थांचा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात, की दारूची खोली वस्तीपासून इतकी दूर हवी, दोन खोल्यांमध्ये इतके अंतर हवे, एका वेळी इतकाच माल ठेवावा. परवाना देणाऱ्याने एवढेच पाहायचे. अंतर आहे की नाही? माल बेताचा आहे की नाही?

आता वाचकहो, एक कल्पना करा. निव्वळ कल्पनाच, बरं का. परवान्याच्या खिडकीवर बसलेला अधिकारी म्हणाला, “तुमचा कागद ठीक आहे, पण आमच्या एका संस्थेला देणगी द्या. गरीब मुलांच्या शिक्षणाला जाईल. पावती मिळेल.” कारखानदाराने रक्कम भरली, पावती घेतली आणि परवानाही घेतला. अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशात एक पैसा घातला नाही. मग ही लाच झाली का? गावात जत्रेची वर्गणी आपण देतोच की. शाळेच्या खोलीलाही देतो. ही वर्गणी त्याहून वेगळी कशी?

प्रश्न सोपा नाही. याच प्रश्नावर महाराष्ट्राच्या एका मुख्यमंत्र्याला १९८२ साली खुर्ची सोडावी लागली. ती हकीकत आज सांगायची आहे.

पण आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. अमेरिकेतल्या अमुक राज्याच्या गव्हर्नरवर बालंट आले, त्याचे पद जाणार, अशा बातम्या अधूनमधून आपल्या कानावर पडतात. इलिनॉय राज्याच्या गव्हर्नरला जानेवारी २००९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने पदावरून काढले, कारण सिनेटची रिकामी झालेली जागा भरण्याचा जो अधिकार त्याच्याकडे होता, त्याचा तो सौदा करू पाहत होता. मुले वर्गात विचारतात, “गुरुजी, गव्हर्नर म्हणजे राज्यपाल ना?” शब्दाने तसेच, पण कामाने नव्हे. तिथला गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि कारभार स्वतः हाकतो. आपल्याकडे ते काम मुख्यमंत्र्याचे. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि एरवी तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. एरवी, असे मुद्दाम म्हटले. हा राज्यपाल आपल्या हकिकतीत पुढे एकदा येणार आहे.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले हे कोकणातले, रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. माणूस धडाक्याचा. निराधारांना दरमहा अनुदान देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली, आणि कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नावही त्यांच्याच काळात झाले. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना त्या योजनेचा आधार झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. याच काळात त्यांनी काही न्यास काढले. त्यांतला सर्वांत गाजलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. लेखक, कलावंतांना मदत करणे हा त्याचा सांगितलेला हेतू. हेतूत वावगे काहीच नव्हते. पैसा मात्र कोठून आला, ते पाहायला हवे.

त्यासाठी त्या वेळचे सिमेंट समजून घेतले पाहिजे. आज दुकानात जाऊन पोते उचलणाऱ्या पोराला हे खरेही वाटायचे नाही. तेव्हा सिमेंटचा भाव सरकार ठरवी आणि वाटपही सरकारच करी. कारखान्यांतून निघणारा माल गरजेपेक्षा कमी. विहिरीचे बांधकाम असो, घराची भिंत असो, चारदोन पोत्यांच्या परमिटासाठी शेतकरी तालुक्याला खेटे घाली. ज्याला परमिट नाही त्याने काळ्या बाजारात जावे आणि कितीतरी जास्त पैसे मोजावेत. म्हणजे परमिटाचा कागद हीच मोलाची वस्तू झाली होती. सरकारी भावाने सिमेंट मिळाले की मधला फरक आपोआप पदरात पडे. मुंबईत टोलेजंग इमारती उभारणाऱ्या बिल्डरला शेकडो टन लागत. त्याच्यासाठी तो फरक किती मोठा असेल, याचा हिशेब तुम्हीच मांडा.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ या इंग्रजी पत्रात अरुण शौरी यांनी या न्यासांवर लेख लिहिला आणि एकच गदारोळ उठला. आरोप असा, की ठरलेल्या वाटपाबाहेर खास म्हणून सिमेंट दिले जाते आणि ते घेणारे बिल्डर न्यासांना देणग्या देतात. साखर कारखान्यांकडून मिळालेल्या देणग्यांविषयीही तसेच बोलले जाऊ लागले. मुख्यमंत्र्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे उत्तर सरळ होते. पैसा न्यासाच्या खात्यात आहे, कोणाच्या घरात गेलेला नाही, मग भ्रष्टाचार कसला? आपल्या कल्पनेतल्या अधिकाऱ्याचेच हे उत्तर, नाही का?

प्रा. प. बा. सामंत आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे सुनावणी झाली आणि १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल आला. पैसा कोणाच्या खिशात गेला, एवढ्यावरच न्यायमूर्ती थांबले नाहीत. सिमेंट आणि देणगी यांचा एकमेकांशी संबंध होता का, हे त्यांनी तपासले, आणि संबंध होता असा निष्कर्ष काढला. अंतुले यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

इथे घटकाभर थांबू या. जत्रेची वर्गणी आणि ही देणगी यांतला फरक आता दिसतो. वर्गणी दिली नाही म्हणून कोणी तुमच्या विहिरीचे सिमेंट अडवत नाही. शिवाय सिमेंट मुळात कमी. एकाला देणगीपायी जास्त गेले, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे गेले. तो दुसरा खेटे घालत राहिला आणि न्यासाच्या पावतीपुस्तकात त्याचे नाव कुठेच आले नाही. फटाक्यांच्या कामात तर याहून वाईट. देणगी पाहून परवाना दिला आणि दोन खोल्यांमधले अंतर कोणी मोजलेच नाही, तर त्याची किंमत आत वाती वळत बसलेली बाई मोजते.

राजीनाम्याने खुर्ची गेली. गुन्ह्याचा खटला ही वेगळी गोष्ट. लोकसेवकावर भ्रष्टाचाराचा खटला भरायचा तर, १९४७ च्या कायद्याप्रमाणे, त्याला पदावरून काढण्याचा अधिकार ज्याला आहे त्याची आधी मंजुरी लागे. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत तो अधिकार राज्यपालाचा. आता राज्यपाल चालतो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. मग मंत्रिमंडळ आपल्याच मुखियावर खटला भरा असा सल्ला देईल काय? म्हणून अशा वेळी राज्यपालाने स्वतःच्या विवेकाने ठरवावे, अशी भूमिका न्यायालयापुढे मान्य झाली. भारतीय जनता पक्षाचे मुंबईतले पुढारी रामदास नायक यांनी अशी मंजुरी मागितली होती, आणि राज्यपाल इद्रिस हसन लतीफ यांनी ती जुलै १९८२ मध्ये काही आरोपांपुरती दिली. एरवी समारंभांपुरते दिसणारे हे पद त्या दिवशी खरोखर कामाला आले.

पुढची वाट मात्र लांबलचक. विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये अंतुले यांना सोडले. आमदारही लोकसेवकच, तेव्हा त्याही नात्याने मंजुरी हवी होती, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. आमदार त्या कायद्याच्या अर्थाने लोकसेवक नाही आणि ज्या पदाचा दुरुपयोग झाला म्हणतात ते पद सुटले असेल तर मंजुरी लागत नाही, असा तो निर्णय. त्याच वेळी खटला झटपट व्हावा म्हणून तो उच्च न्यायालयाकडे सोपवला. साक्षीदार तपासले, आरोप ठेवले, फेरअपिले झाली. आणि एप्रिल १९८८ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी बहुमताने सांगितले, की कायद्याने हा खटला विशेष न्यायाधीशानेच चालवायचा होता, तो उच्च न्यायालयाकडे पाठवण्यात आमची चूक झाली, आणि न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड आरोपीला पडता कामा नये. चार वर्षांचे काम पुन्हा पहिल्या पायरीवर. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची चूक इतक्या उघडपणे कबूल करावी, हे मला तरी थोर वाटते. पण लवकर व्हावा म्हणून हलवलेला खटला त्यापायीच रखडला, हेही तितकेच खरे. अंतुले यांच्यावर गुन्हा शेवटपर्यंत शाबीत झाला नाही. ते पुन्हा लोकसभेवर निवडून आले, दिल्लीत मंत्री झाले आणि डिसेंबर २०१४ मध्ये वारले.

गुरुजींनी वर्गात सांगण्यासारखी आणखी एक बाब. १९८४ चा तो नियम, की पद सुटल्यावर मंजुरी लागत नाही, आता राहिलेला नाही. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि पदावर असताना केलेल्या कृत्यासाठी माजी पदाधिकाऱ्यालाही मंजुरीचे कवच मिळाले. प्रामाणिक माणसाला निवृत्तीनंतर खोट्या खटल्यांनी छळू नये, हे त्यामागचे कारण सांगतात. कारण समजण्यासारखे आहे. पण मंजुरी देणारा कोण आणि तो कोणाच्या सल्ल्याने चालतो, हा १९८२ चा प्रश्न त्यामुळे पुन्हा तेवढाच महत्त्वाचा झाला.

सिमेंटचे काय झाले म्हणाल, तर निकालानंतर थोड्याच आठवड्यांत, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस, केंद्राने त्यावरचे नियंत्रण अंशतः उठवले आणि मार्च १९८९ पासून पुरते उठवले. माल वाढला, परमिट गेले, आणि परमिटापायी द्यायची देणगीही गेली. तेरखेड्यात आज कोणी विहीर बांधायला काढली तर तालुक्याला जावे लागत नाही. शोभेच्या दारूचे मात्र तसे करता येणार नाही. तिथे परवाना राहणारच, आणि दोन खोल्यांमधले अंतर मोजायला कोणीतरी टेप घेऊन यावेच लागेल.