समीकरणे प्रवास करतात, गृहीतकांचे काय?

धातूच्या पट्टीतून उष्णता कशी पसरते याचे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ फूरिये याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. पुढे दीडशे वर्षांनी, १९७३ मध्ये, फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी शेअरबाजारातील ऑप्शन या कराराची किंमत ठरविण्यासाठी जे समीकरण दिले, ते चलांची योग्य अदलाबदल केली असता फूरियेच्याच समीकरणाचे रूप घेते. पट्टी आणि बाजार यांत काडीचे साम्य नसताना त्यांचे गणित एक निघावे, यातच उपयोजित गणिताचे आकर्षण आहे; आणि धोकाही.

या आकर्षणाभोवती युरोपातील काही विद्यापीठांनी एक संयुक्त अभ्यासक्रमच उभारला. इटलीतील लाकिला विद्यापीठाच्या पुढाकाराने, युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस मुंडुस’ योजनेखाली, २००८ साली ‘मॅथमॉड्स’ ही पदव्युत्तर पदवी सुरू झाली. दोन वर्षे, १२० श्रेयांक, माध्यम इंग्रजी. आरंभी सिद्धान्त, मग संगणकाने उत्तरे काढण्याच्या संख्यात्मक पद्धती आणि अखेरीस एखादे विशेष क्षेत्र, असा क्रम; आणि या टप्प्यांबरोबर विद्यार्थ्याचे शहर, देश व अध्यापकही बदलतात. या योजनेची शिष्यवृत्ती (२०२१ पासूनच्या नियमांनुसार दरमहा १,४०० युरो) मिळाली तर सामान्य घरातील मुलालाही ही वाट मोकळी होते. न मिळाली तर होत नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

अशा पदवीकडे पाहण्याची आपल्याकडील रीत ठरलेली आहे: देश किती, विद्यापीठे किती, पुढे नोकरी कोणती? या चौकशीत गैर काही नाही. परंतु गणिताच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या विषयाच्या दारात जाऊन नेमके काय शिकावयाचे, हा प्रश्न तीत राहूनच जातो. समीकरण तर तो बरोबर नेतोच. पट्टीची उष्णतावाहकता प्रयोगशाळेत मोजता येते, आणि मोजणाऱ्याचा हिशेब पाहून पट्टी आपले वर्तन बदलीत नाही. बाजारभावांची चंचलता ब्लॅक-शोल्स सूत्राने स्थिर धरली. प्रत्यक्षात ती माणसांच्या भीतीबरोबर वाढते, आणि तीच माणसे ते सूत्र वाचून व्यवहार करीत असतात.

शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे दोघेही भागीदार असलेला ‘लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ हा गुंतवणूक निधी पुढच्याच वर्षी, रशियाने कर्जफेड थांबविल्यानंतर, कोसळला. १४ वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर ओतून तो सावरावा लागला. या पडझडीचे खापर केवळ गणितावर फोडणे अन्यायाचे होईल. अफाट कर्जाचा वाटा त्यात फार मोठा होता. तथापि तेवढे कर्ज काढण्याचे धाडस गणितावरील विश्वासानेच पुरविले होते.

म्हणून अशा अभ्यासक्रमाची पारख शहरांच्या यादीवरून करता येत नाही. जीवशास्त्राच्या वा अर्थशास्त्राच्या अध्यापकाकडून ‘हे गृहीतक येथे टिकणार नाही’ असे ऐकून घेण्याची वेळ विद्यार्थ्यावर किती वेळा येते, हे पाहावे लागेल. त्या दृष्टीने टप्प्यागणिक मुक्काम हलविणे सोयीचे नाही. परक्या विषयाशी ओळख होते न होते तोच बिऱ्हाड उचलावे लागते.

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याजवळ अशी कोणतीही पदवी नव्हती. या गणितज्ञाने १९४४ मध्ये आनुवंशशास्त्राला एक सूत्र दिले, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. प्राचीन आहत नाण्यांकडे ते वळले तेव्हा त्यांनी नाणी हजारोंनी तोलली. हातोहात फिरताना नाणे झिजते. तेव्हा वजनातील घट व तफावत यांवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता यावा, असा त्यांचा तर्क होता. मात्र या तर्कावर विसंबून न राहता त्यांनी स्वतःच्या काळातील चलनी नाणीही तराजूत घातली, आणि ती खरोखरच तशी झिजतात की नाही हे पाहिले.