हळद त्वचेत उतरावी म्हणून

‘हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत,’ असं वडीलधारी माणसं सुनावतात. केसांपुरतं ते खरं. त्वचा मात्र उन्हानं म्हातारी होते. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला. त्यानं २८ वर्षं ट्रक चालवला होता. खिडकीकडचा डावा गाल जाड आणि खोल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा त्यामानानं कितीतरी तरुण.

काच यूव्हीबी किरण बऱ्यापैकी अडवते, पण यूव्हीए आत येऊ देते. हे किरण त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोचतात. तिथं ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात आणि पेशी कोलॅजन कातरणारी विकरं सोडू लागतात. कोलॅजनच्या तंतूंवरच त्वचेचा ताठपणा उभा असतो. ते तुटतात त्या वेगानं पुन्हा विणले जात नाहीत.

अशा रेणूंना निष्प्रभ करणारी द्रव्यं वनस्पतींकडे भरपूर आहेत: ग्रीन टीतलं ईजीसीजी, द्राक्षाच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल, हळदीतलं कर्क्युमिन. मग हळदीचा लेप लावला की झालं का? स्वयंपाकघरातच पाहा. पाण्यात ढवळलेली हळद तळाशी बसते. फोडणीत पडली की तेल लगेच पिवळंधमक होतं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शर्टावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात वाळत घातला की फिका पडतो, कारण प्रकाशात कर्क्युमिनचा रेणू मोडतो. ज्या उन्हाशी लढायला त्याला पाठवायचं, तेच ऊन त्याला संपवतं.

शिवाय त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्यांचा चुना. ही भिंत कागदाहून पातळ, तरी भक्कम.

म्हणून वाहक लागतो. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये ॲलेक बँगहॅम यांच्या लक्षात आलं की फॉस्फोलिपिडं पाण्यात सोडली की त्यांच्या आपोआप सूक्ष्म पिशव्या बनतात. हीच लायपोसोम. ईजीसीजीसारखं पाण्यात विरघळणारं द्रव्य तिच्या पोटात बसतं, तर कर्क्युमिन तिच्या स्निग्ध भिंतीत मुरतं. १९८६ साली दिओर कंपनीनं ‘कॅप्चर’ हे लायपोसोमयुक्त क्रीम बाजारात आणलं. बहुतेक लायपोसोम अख्ख्या आत शिरत नाहीत. त्या वरच्या थरातल्या स्निग्ध द्रव्यांत मिसळतात आणि आतला माल तिथं उतरवतात. जाहिरातींतलं ‘त्वचेत खोलवर’ म्हणूनच मला खटकतं.

वाहक दर वेळी गुंतागुंतीचाच असावा लागतो असंही नाही. तांदळाच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. २००५ साली ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटानं १५ टक्के क आणि १ टक्का ई जीवनसत्त्व असलेल्या साध्या द्रावणात ते अर्धा टक्का मिसळलं. जीवनसत्त्वं टिकाऊ झाली आणि डुकराच्या त्वचेवर उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं.

कर्क्युमिनच्या लायपोसोमांचं बरंचसं काम मात्र अजून पेशींवर आणि उंदरांवरच झालेलं आहे. याउलट साध्या सनस्क्रीनची ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोरमध्ये ९०३ माणसांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी. तेव्हा आधी सनस्क्रीन, तेही भरपूर. वनस्पतिजन्य क्रीम त्याच्या जोडीला. आणि बाटलीवर हळकुंडाचं चित्र छापणाऱ्यांनी कर्क्युमिन किती टक्के आहे, कोणत्या वाहकात आहे आणि माणसांवर तपासलं आहे का, हेही तिथंच छापावं.