शॉट होलवाल्यांचा वर्ग कोणता?

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागात उन्हाळ्यात अवजड यंत्र नेले तर ते दलदलीत रुतून बसते. त्यामुळे तेल आणि वायूच्या शोधासाठी होणारे तिथले भूकंपीय सर्वेक्षण जमीन गोठल्यावर, ऐन हिवाळ्यात चालते. झाडी तोडून केलेल्या अरुंद पट्टीतून साखळीपट्ट्यांवरचे ड्रिल पुढे सरकते आणि खुणेच्या खुंटीपाशी थांबते. ड्रिलर मास्ट उभा करतो, हेल्पर एकामागून एक दांडे जोडतो आणि वीतभरापेक्षाही कमी रुंदीचे भोक, म्हणजेच शॉट होल, दहा-वीस मीटर खाली उतरते. तळाशी स्फोटकाची कांडी सोडतात. तिच्यातल्या डिटोनेटरच्या दोन तारा वर आणून एकमेकींना पिळून ठेवतात, म्हणजे कुठून तरी आलेल्या भटक्या विजेने डिटोनेटर उडत नाही. भोक बुजवायचे, प्लग बसवायचा आणि पुढच्या खुंटीकडे निघायचे.

स्फोट करणारी माणसे नंतर येतात. धक्क्याच्या लहरी खालच्या खडकांच्या थरांवर आपटून परततात, जमिनीत रोवलेले जिओफोन त्या टिपतात आणि त्यावरून जमिनीच्या पोटातल्या थरांचा नकाशा तयार होतो. परावर्तित लहरींची ही पद्धत जॉन क्लॅरेन्स कार्चर यांनी 1921 मध्ये ओक्लाहोमात प्रथम आजमावली. पन्नाशीच्या दशकात जमीन थरथरवणारे व्हायब्रेटर ट्रक आले आणि सपाट, मोकळ्या मुलखात स्फोटकांची गरज बरीच कमी झाली. पण डोंगरात, दाट जंगलात आणि दलदलीत ते ट्रक पोहोचत नाहीत. तिथे आजही शॉट होल मारावे लागतात, म्हणजेच जिथे काम सर्वांत अवघड तिथेच ही माणसे जातात.

हे काम बहुधा स्वतंत्र ठेकेदाराकडे असते. त्याच्याकडे काही ड्रिल, काही ट्रक आणि हंगामापुरती जमवलेली माणसे असतात. कामगार भरपाईचा विमा घेताना त्याला पहिलाच प्रश्न पडतो तो हा, की आपला धंदा नक्की कोणता? बोअर मारणारा म्हणावे, तर तो पाण्याची बोअरवेल खणत नाही. तेलविहीर खणणारा म्हणावे, तर त्याच्या भोकातून तेलाचा थेंबही येत नाही. तो सर्वेक्षण करत नाही, कारण लहरी मोजणारे दुसरेच असतात. सुरुंग उडवणारा म्हणावे तर बार दुसराच काढतो, मात्र स्फोटक भोकात भरण्याचे जोखमीचे काम बरेचदा ड्रिलवाल्याच्याच माणसांना करावे लागते.

या प्रश्नाच्या उत्तरावर दरवर्षीचा मोठा खर्च ठरतो. त्यामागची व्यवस्था जुनी आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, 1884 मध्ये, अपघात विम्याचा कायदा झाला. त्यात एका उद्योगातल्या मालकांनी मिळून आपल्या कामगारांच्या अपघातांचा भार उचलायचा होता. कॅनडात विल्यम मेरेडिथ यांनी 1913 मध्ये ओंटारिओ सरकारला दिलेल्या अहवालातून आजची चौकट उभी राहिली आणि अल्बर्टाने 1918 मध्ये आपला कायदा केला. चूक कोणाची हे न पाहता जखमी कामगाराला भरपाई द्यायची, त्या बदल्यात कामगाराने मालकावर दावा ठोकण्याचा हक्क सोडायचा आणि पैसा सर्व मालकांच्या सामायिक निधीतून द्यायचा, असा हा सौदा आहे. निधी सामायिक म्हटला की कोणी किती भरायचे हे ठरवावे लागते. बेकरीवाल्याने आणि स्फोटके हाताळणाऱ्याने सारखाच हप्ता भरणे कोणालाच न्याय्य वाटणार नाही. म्हणून उद्योगांचे वर्ग पाडले जातात आणि त्या वर्गात आजवर झालेल्या अपघातांच्या खर्चावरून दर शंभर डॉलर पगारामागे हप्त्याचा दर निघतो.

आकड्यांत पाहू. समजा, एका ठेकेदाराचा वर्षाचा पगारखर्च दहा लाख डॉलर आहे. त्याचा वर्ग शंभरामागे दोन डॉलर दराचा असेल तर वीस हजारांचा हप्ता, सहा डॉलरचा असेल तर साठ हजारांचा. माणसे, यंत्रे आणि काम तेच, फरक फक्त वर्गाचा. स्पर्धेत निविदा भरणाऱ्या छोट्या ठेकेदाराला चाळीस हजार डॉलरचा हा फरक फार जड जातो.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ही वर्गवारी नॅशनल कौन्सिल ऑन कॉम्पेन्सेशन इन्शुरन्स ही संस्था करते. तिच्या नियमपुस्तकाचे मूळ सूत्र असे, की वर्ग धंद्याला मिळतो, एकेका कामगाराच्या हुद्द्याला नाही. अपवाद मोजके आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा निव्वळ कार्यालयात बसणाऱ्या कारकुनांचा. या यादीत तेल किंवा वायूची विहीर खणणाऱ्यांचा संकेतांक 6235 आहे. दुसरीकडे कुठेच न बसणाऱ्या ड्रिलिंगसाठी 6204 आहे. आणि भूकंपीय पद्धतीच्या भूभौतिक शोधासाठी 8606 आहे, ज्यात सर्व कर्मचारी आणि चालकही एकत्र धरले जातात. शॉट होलचा ठेकेदार या तिन्हींच्या सीमेवर उभा असतो. अमेरिकन सरकारच्या जुन्या उद्योग-वर्गीकरणानेही अशीच फारकत केली होती. तेलक्षेत्रातले भूकंपीय सर्वेक्षण 1382 या गटात आणि त्याच सर्वेक्षणासाठी ठेक्याने शॉट होल मारण्याची सेवा 1389 या 'इतर सेवां'च्या गटात. एकाच शिवारात, एकाच दिवशी काम करणाऱ्या दोन टोळ्या कागदावर अशा वेगळ्या होतात.

यात कारकुनी काटेकोरपणापेक्षा जास्त काही आहे. शॉट होलच्या कामातले धोके बोअरवेलच्या धोक्यांपेक्षा वेगळ्या जातीचे आहेत. फिरत्या दांड्यात हातमोजा किंवा बाही अडकणे, मास्ट विजेच्या तारेला लागणे, हे सगळ्याच ड्रिलवाल्यांचे धोके. पण इथे त्यांच्या जोडीला स्फोटके आहेत, न उडालेले बार आहेत, जमिनीखालच्या गॅसवाहिन्या आहेत, बर्फाचे रस्ते आहेत आणि दवाखान्यापासून तासन्‌तासांचे अंतर आहे. हे धोके दुसऱ्या धंद्याच्या सरासरीत विरघळून गेले, तर शॉट होलमध्ये दरवर्षी किती बोटे तुटतात, किती ट्रक उलटतात, याचा वेगळा हिशेबच उरत नाही. ज्याचा हिशेब नाही, त्यावर सुरक्षेसाठी पैसा खर्च करा हे मालकाला पटवणे कठीण जाते.

उलट बाजूही खरी आहे. वर्ग फार बारीक केला तर त्यात मूठभर कंपन्या उरतात आणि एका जीवघेण्या अपघाताने सगळ्यांचे दर उसळतात. म्हणून छोटे उद्योग एकत्र करून दरगट केले जातात, त्यामुळे दर स्थिर राहतो. शिवाय मोठ्या मालकाचा स्वतःचा अनुभवही मोजतात. अमेरिकन पद्धतीत सर्वांत अलीकडचे वर्ष वगळून त्याआधीच्या तीन वर्षांतले त्याचे अपघात त्याच्या वर्गाच्या अपेक्षित खर्चाशी ताडून एक गुणक काढतात. गुणक एकाच्या वर गेला की हप्ता वाढतो. एका मोठ्या अपघातापेक्षा वारंवार होणारे लहान अपघात या गणितात जास्त बोचतात, आणि ते योग्यच आहे, कारण वारंवारता ही बेफिकिरीची खूण असते.

पळवाटा शोधणारेही असतात. ड्रिलच्या हेल्परला कागदोपत्री कारकून दाखवायचे, पगार कमी दाखवायचा किंवा माणसांना 'स्वतंत्र ठेकेदार' म्हणायचे. वर्षअखेरीस लेखातपासनीस पगारपत्रके, करारनामे आणि पोटठेकेदारांची विम्याची प्रमाणपत्रे मागतो. पोटठेकेदाराचा विमा नसेल तर त्याच्या माणसांचा हप्ता मुख्य ठेकेदाराच्या माथी पडतो. अल्बर्टात यासाठी काम देण्याआधी भरपाई मंडळाकडून क्लिअरन्सचे पत्र घेण्याची पद्धत आहे. तिथे आणखी एक खाच आहे. जो मालक स्वतःच ड्रिल चालवतो त्याला आपोआप संरक्षण नसते, त्याला वैयक्तिक विमा वेगळा घ्यावा लागतो. या धंद्यात एक-दोन ड्रिलचे मालक स्वतः दांडे जोडतात, तेव्हा ही खाच फार महाग पडू शकते.

कामगाराच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट निर्धोक आहे. मालकाचा वर्ग चुकला म्हणून अल्बर्टातल्या जखमी हेल्परची भरपाई कमी होत नाही. ती त्याच्या निव्वळ कमाईच्या 90 टक्क्यांवरून ठरते. चुकीचा भुर्दंड मालकाकडून वसूल होतो.

भारतात हे काम अनोळखी नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रमात सुमारे 48 हजार लाइन किलोमीटरचे सर्वेक्षण हाती घेतले गेले. त्याआधी सत्तरच्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना परिसरात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी या रेषांवर खोल भूकंपीय सर्वेक्षण केले, बेसाल्टच्या जाड थराखाली काय आहे ते पाहण्यासाठी. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय तर नागपुरातच आहे.

भरपाईची पद्धत मात्र इथे निराळी. कर्मचारी राज्य विम्यात मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के, उद्योग कुठलाही असो. धोका जास्त म्हणून हप्ता जास्त, हा विचार त्यात नाही. 1923 च्या भरपाई कायद्याने कामगाराला हक्क दिला, पण मालकावर विमा उतरवण्याची सक्ती केली नाही. त्या कायद्याच्या तक्त्यात तीस वर्षांच्या कामगाराचा गुणांक 207.98 होता. मजुरी कितीही जास्त असली तरी 2020 पासून 15,000 रुपयेच धरली जात, त्यांच्या निम्म्याला या गुणांकाने गुणले की मृत्यूची भरपाई निघे 15,59,850 रुपये. ही रक्कम ठेकेदाराच्या खिशातून यायची, आणि हंगामी ठेकेदाराचा खिसा किती खोल हे मजुराच्या घरच्यांना अपघातानंतरच कळते.

त्यांच्यासाठी कायद्यात एक आधार होता: ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मुख्य कंपनीकडूनही मागता येई. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या जुन्या कायद्याची जागा घेतली. दावा वेळेत आणि पुराव्यानिशी करावा लागतो, आणि इथेच वर्गवारीचा मुद्दा भारतीय मजुरापाशीही येऊन ठेपतो. हजेरीपटावर नुसते 'मजूर' असे लिहिलेले असते. तिथे 'ड्रिल हेल्पर, स्फोटक भरणे' असे लिहिण्याचा आग्रह टोळीतल्या माणसांनी पहिल्या दिवसापासून धरायला हवा, आणि ते न लिहिणाऱ्या ठेकेदाराला सर्वेक्षण कंपनीने काम देऊ नये.